सहादूची सहा माणसं

सहादू जुंद्रेला नीट ऐकू येत नसे, आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. दर ठोक्याला पायाखालची फरशी हादरायची. त्या काळी कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला बरोबरची पोरं हसायची, म्हणून त्यानेही कधी घातले नाहीत. कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी सकाळच्या चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग रस्त्यापलीकडून मारलेली हाक. शेवटी समोर बसलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा भिंतीपलीकडून आल्यासारखं यायला लागलं.

त्यावर सहादूने स्वतःपुरता एक उपाय काढला होता. समोरचा बोलत असला की तो त्याच्या ओठांकडे बघायचा. थोडं ओठांवरून आणि थोडं अंदाजाने जुळवायचा. काहीच जुळलं नाही तर हसून मान हलवायचा आणि म्हणायचा, "हो. हो, बरोबर आहे." बहुतेक वेळा ते खपून जायचं. बोलणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि तो पुढे निघून जायचा.

पिंकीने, त्याच्या मुलीने, पहिल्या पगारातून त्याला कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. ते घातलं की पंखा, मिक्सर, रिक्षाचा हॉर्न, सगळं एकदम अंगावर यायचं. चार दिवसांत त्याने ते काढून कपाटात ठेवलं आणि आता मशीनशिवायच नीट ऐकू येतं, असं घरात सांगून टाकलं. पिंकी आता पुण्याला नोकरीला होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. लंका, सहादूची बायको, फोन हातात धरून हसायची, रागवायची, मधेच डोळे पुसायची. सहादू शेजारी चहाचा कप घेऊन बसलेला असायचा. शेवटी लंका त्याच्याकडे बघून एक वाक्य बोलायची. ते त्याला ओठांवरून पाठ झालं होतं. "बाबा? हायेत की. बरे हायेत."

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा सहादूही घरी बसला. पुढे अंबडला रवी नावाच्या एका तरुण इंजिनिअरच्या गाळ्यात त्याला काम मिळालं. रवीकडे थ्रीडी प्रिंटर होते. कंपन्यांना नमुन्याचे सुटे भाग करून द्यायचे, हा त्याचा धंदा. छापून निघालेल्या वस्तू स्पिरिटमध्ये धुवायच्या, निळ्या दिव्याखाली कडक करायच्या, त्यांना चिकटलेल्या आधाराच्या काड्या निपरने तोडायच्या आणि पॉलिश पेपर मारायचा, हे सहादूकडे. गाळ्यात दिवसभर कॉम्प्रेसर चालू असायचा. त्यामुळे रवी कायम ओरडूनच बोलायचा, आणि म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

एके दिवशी प्रिंटरमधून गिअर आणि ब्रॅकेटच्या ऐवजी माणसं निघाली. बोटाच्या पेराएवढी. कुणाच्या हातात तलवार, कुणाकडे धनुष्य, एकाच्या खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी. सहादूने चष्मा पुसला. एका बाईच्या कमरेची गाठसुद्धा दिसत होती.

"हे कशाला लागतं?" त्याने विचारलं.

"खेळ आहे, काका!" रवी ओरडून म्हणाला. "गोविंदनगरला एक मॅडम आहेत, त्यांची ऑर्डर. दोघांनी खेळायचं. प्रत्येकाची पाच-सहा माणसांची टोळी. टेबलावर ठेवायची, टेपने मोजून पुढे सरकवायची, फासे टाकून लढवायची."

"बुद्धिबळासारखं?"

"तसंच काहीतरी. पण चौकटी नाहीत. झाडं, भिंती, जे मांडाल ते."

त्या छपाईत काही माणसं बिघडली. एकाची तलवार मोडून आली, एकाला हातच नव्हता, एकाचा चेहरा अर्धा सपाट निघाला. रवीने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नव्याने छापली. घरी जाताना सहादूने डब्यातली सहा माणसं उचलून आपल्या जेवणाच्या पिशवीत टाकली. का उचलली ते त्याला सांगता आलं नसतं. हातात घेतल्यावर ती परत टाकवेनात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी माल पोचवायला रवीने त्यालाच पाठवलं. गोविंदनगरला तिसऱ्या मजल्यावरचं दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. हर्षाली साळवे, बँकेत अधिकारी, बदली होऊन भुसावळहून आलेली. तिने दारातच खोकं उघडलं आणि एकेक माणूस तळहातावर घेऊन बघायला लागली. बघता बघता बोलत होती. मान खाली, केस तोंडावर. सहादूला ओठ दिसत नव्हते. पण ती खूश आहे एवढं कळत होतं. मधेच तिने वर बघून काहीतरी विचारलं.

"हो," सहादू हसून म्हणाला.

तिचा चेहरा असा उजळला की त्याला वाटलं, आपण बरोबर उत्तर दिलं. तिने आणखी काही विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली. "हो, हो. बरोबर आहे."

त्याने काय कबूल केलं ते त्याला दुसऱ्या दिवशी गाळ्यात कळलं.

"काका, छुपे रुस्तम निघालात!" रवी ओरडला. "मॅडमचा मेसेज आलाय. तुम्ही पण खेळता म्हणे. रविवारी तीन वाजता त्यांच्याकडे जायचं ठरवलंत. त्या म्हणतात, नाशकात आल्यापासून त्यांना एक खेळगडी मिळत नव्हता."

खरं सांगायची ती वेळ होती. मला ऐकू आलं नाही, मी उगाच मान हलवली, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण कारखान्यात शेवटी शेवटी पोरं त्याला मागून हाका मारून त्याची मजा बघायची. ते दिवस त्याला आठवले. शिवाय आणखी एक गोष्ट होती. लग्न असो, बारसं असो, निमंत्रण यायचं ते लंकाला. सहादू तिच्यामागून जायचा आणि पंगतीत बसून जेवून यायचा. त्याला एकट्याला कुणी 'या' म्हटल्याला किती वर्षं झाली होती, देव जाणे.

"जमतं थोडंफार," तो म्हणाला.

मग तो कामाला लागला. हर्षाली ज्या नियमांनी खेळायची ते तिने रवीकडून नंबर घेऊन फोनवर पाठवले होते. ते इंग्रजीत होते. फोनमधूनच त्याने त्यांचं मराठी करून घेतलं. ते मराठी असं होतं की एका जागी 'माणूस आपले जखम तपासून पाहतो' असं लिहिलेलं. पण कारखान्यात जर्मन प्रेसची पुस्तकं चित्रांवरून लावलेला माणूस तो. खेळाचेही व्हिडिओ होते. खाली अक्षरं येत होती, आणि खेळणारी माणसं फारसं बोलत नव्हती. बघून बघून त्याला समजलं. माणूस एका खेपेला सहा इंच चालतो. झाडाआड असला तर त्याला बाण लागणं अवघड. आणि अर्धी टोळी पडली की उरलेल्यांच्या हिमतीचा फासा टाकायचा. फासा कमी पडला तर माणूस मैदान सोडून निघून जातो. हा नियम त्याला फार पटला.

डब्यातून उचललेली सहा माणसं त्याने खिडकीत मांडली. तुटलेल्या हाताच्या जागी तार खोचली आणि तारेवर एमसील लावून नवा हात केला. अर्ध्या चेहऱ्याच्या माणसाला एमसीलचंच मुंडासं बांधलं, थेट कपाळापर्यंत. तलवार मोडलेल्याला कोयता दिला. एकाच्या पाठीवर त्याने इरलं चढवलं. घोटीजवळच्या त्याच्या गावात भाताची लावणी करताना बाया पावसात पाठीवर घ्यायच्या, तसं. पायाखाली बसायला वॉशर. मग गाडीला मारतात तो राखाडी प्रायमर, आणि स्टेशनरीच्या दुकानातले रंग. पहिल्या माणसाला रंग इतका घट्ट बसला की डोळे-नाक बुजून गेलं. दुसऱ्याच्या वेळी त्याने पाणी वाढवलं. तिसऱ्याच्या ओठांपर्यंत ब्रश नेता आला.

लंका दारात उभी राहून बघत होती. ती काहीतरी बोलली. त्याने मान हलवली. ती आत निघून गेली.

रविवारी तो मिठाईच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून, त्यात सहा माणसं निजवून गोविंदनगरला गेला. आज आपण पकडले जाणार, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

तसं झालं नाही. टेबलावर दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायवूडचा तुकडा होता. त्यावर थर्माकोलच्या भिंती आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीची कापलेली कुंपणं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट. हर्षालीने त्याची माणसं पाहिली आणि इरलं पांघरलेल्याला उचलून डोळ्यांजवळ नेलं.

"हे काय आहे, काका?" तिने अगदी समोर बघून विचारलं, त्यामुळे कळलं.

"इरलं. आमच्याकडं आवणीला, भात लावताना घेतात."

ती खळखळून हसली. टिंगलीचं हसणं नव्हतं ते.

एकदा खेळ सुरू झाल्यावर बोलायची गरज फारशी उरली नाही. सगळं डोळ्यांसमोर होतं. टेप ठेवला की अंतर दिसे, फासा पडला की आकडा दिसे, माणूस पडला की आडवा दिसे. अंदाज करायचा तो फक्त तिच्या चालीचा, तिच्या शब्दांचा नव्हे. कित्येक वर्षांत एखाद्या माणसाबरोबर अख्खी दुपार काढून सहादू थकला नव्हता, असं हे पहिल्यांदाच झालं. शेवटी त्याचा एकटा मुंडासंवाला उरला. हिमतीचा फासा टाकला, एक पडला, आणि मुंडासंवाला मैदान सोडून गेला.

"पुढच्या रविवारी?" हर्षालीने विचारलं.

हे त्याला ओठांवरून स्वच्छ कळलं.

पुढच्या रविवारी तो स्वतः केलेली जमीन घेऊन गेला. पुठ्ठ्यावर माती आणि फेव्हिकॉल कालवून भाताची खाचरं केली होती, कडेने बांध, बांधावर झाडूच्या काड्यांचं गवत. चिखल ओला दिसावा म्हणून वर वॉर्निश मारलं होतं.

"खाचरात चाल निम्मी," तो म्हणाला. "चिखलात पाय रुततो. बांधावरनं गेलं तर पूर्ण चाल. पण बांधावरचा माणूस सगळ्यांना दिसतो."

हर्षाली त्याच्याकडे बघत राहिली. "काका, हा नियम तुम्ही काढलात?"

"नियम कसला. तसंच असतं ते."

त्या दिवशी तो जिंकला. घरी येताना बस चुकली तर तो सातपूरपर्यंत अर्धा रस्ता चालत आला, आणि तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

आणखी काही रविवार असे गेले. हर्षाली आता चहाबरोबर त्याच्यासाठी वेगळी, कमी साखरेची बिस्किटं ठेवायची. बोलायची मात्र ती पूर्वीपेक्षा जास्त. बँकेतलं, भुसावळचं, घरमालकाचं. बदलीच्या गावात आठवडाभर कामाखेरीज कुणाशी बोलणं नसायचं, ते सगळं रविवारी बाहेर यायचं. सहादूला त्यातलं थोडं कळायचं, बाकीच्याला तो मान हलवायचा. ती त्याला एकदा म्हणाली होती, "तुम्ही किती शांतपणे ऐकता." तेही त्याला कळलं होतं, आणि त्यावरही त्याने मान हलवली होती.

मग तो रविवार आला.

खेळ निम्म्यावर होता. हर्षालीचा धनुर्धारी खाचराच्या कडेला उभा होता, तिची पाळी होती. तिने टेप उचलला आणि परत खाली ठेवला. उठून खिडकीपाशी गेली. त्याच्याकडे पाठ करून बोलायला लागली. तिचे खांदे वर जात, खाली येत होते. मधे ती बराच वेळ थांबली, मग पुन्हा बोलली. सहादू हातात फासा धरून बसून होता. रस्त्यावर काही चाललं असेल, ते सांगत असेल, असं त्याला वाटलं. मग ती वळली. डोळ्यांत पाणी होतं की उजेड पडला होता, त्याला नीट दिसलं नाही, कारण तो ओठ बघत होता. तिने एक प्रश्न विचारला. त्यातलं शेवटचं 'ना, काका?' तेवढं त्याला कळलं.

तो हसला. "हो," म्हणाला. "हो, बरोबर आहे."

ती तशीच उभी राहिली. "बरोबर आहे?"

सहादूने पुन्हा मान हलवली.

हर्षाली टेबलाशी आली आणि तिने आपली माणसं एकेक करून खोक्यात भरायला सुरुवात केली. पाळी अर्धी राहिली होती. सहादूने बोटाने पटाकडे खूण केली, तर तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असेल, असं समजून त्याने आपली माणसं कापसात ठेवली, चप्पल घातली आणि "येतो, ताई," म्हणून निघाला. तिने दारापर्यंत येऊन नेहमीसारखा हात केला नाही.

मेसेज दुसऱ्या दिवशी आला. 'काका, आता रविवारी येऊ नका. मी रागावलेली नाही. पण तुम्ही असं म्हणाल असं मला वाटलं नव्हतं.'

सहादूने तो गाळ्यात वाचला, बसमध्ये वाचला, घरी येऊन पुन्हा वाचला. आपण काय म्हणालो? फक्त हो म्हणालो. कशाला? संध्याकाळी त्याने फोन लंकापुढे धरला. ती सातवी शिकलेली, सावकाश वाचते. वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला आणि त्याच्या दंडाला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"काय बोलले तुमी त्या पोरीला?"

"काय नाय. ती काय बोलली ते मला ऐकूच आलं नाय. मी हो म्हणालो."

लंका त्याच्या आणखी समोर सरकली. मग त्याला दिसावं अशा बेताने, एकेक शब्द सोडवून बोलली.

"मला पन तुमी तसंच करता."

"काय करतो?"

"हो, हो. बरोबर हाय." तिने त्याची मान हलवायची लकबसुद्धा केली. "पिंकीला स्थळ आलं होतं. दिवाळीत. सिन्नरचं. मी तीनदा विचारलं, कळवू का हो म्हणून. तुमी हसले. मग पिंकी म्हणाली, बाबांना याचं काय पडलेलंच नाय. आमी दोघींनीच नाही म्हणून कळवलं."

सहादूला हे स्थळ माहीतच नव्हतं. घरात पाहुणे येऊन गेल्याचं आठवत होतं. पोहे झाले होते. आपण त्या माणसांबरोबर बसून मान हलवली होती.

"तुला माहीत होतं, मला अजून ऐकू येत नाय?"

"आख्ख्या गल्लीला माहीत हाय."

"मग बोलली का नाय कधी?"

"तुमी म्हणत नव्हता, तर मी कशी म्हणू?" लंका म्हणाली. "वाटलं, तुमाला नाय आवडायचं."

ती पोळ्या करायला उठली. सहादू तिथेच बसून राहिला. आपण झाकलंय असं ज्याला समजत होतो ते सगळ्यांना दिसत होतं. गोंगाटात ओरडून बोलणारा रवी सोडला, तर नेमकं त्या पोरीलाच तेवढं कळलं नव्हतं.

एका बोटाने टाइप करायला त्याला बराच वेळ लागला. 'ताई, मला ऐकू येत नाही. बरीच वर्षे झाली. त्या दिवशी तुम्ही खिडकीपाशी काय बोलल्या ते मला काहीच समजले नाही. मी हो म्हणालो ते सवयीने. पहिल्या दिवशी दारात पण असेच झाले होते. मला हा खेळ येत नव्हता. माफ करा. सहादू जुंद्रे.'

मेसेज पोचल्याच्या खुणा दिसल्या, वाचल्याच्याही दिसल्या. उत्तर आलं नाही. तो रविवार गेला. पुढचाही गेला. दुपारी तीन वाजले की सहादू उठून उगाच शर्ट बदलायचा आणि मग घरातच बसायचा. सहा माणसं खोक्यात कापसावर पडून होती. एकदा त्याने ती काढून दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळून पाहिलं. पण समोरच्याची चाल आपल्याला आधीच ठाऊक असते, त्यात मन लागेना.

उत्तर आलं ते मधल्याच एका वारी. 'काका, ते माझ्या भावाबद्दल होतं. हा खेळ त्यानेच मला शिकवला. तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाला ते सगळं सांगत होते. शेवटी विचारलं, माझंच चुकलं ना, काका? चूक तुमची नाही, आता कळलं. पण ते परत सांगता येणार नाही.'

आणि सकाळी आणखी एक ओळ. 'रविवारी खाचरं घेऊन या.'

सहादूने कपाटातून मशीन काढलं, सेल बदलून आणला आणि कानात घातलं. बसमध्ये जीव नको झाला. पण हर्षालीच्या घरी शांतता होती. तिने फासा टाकला आणि तो दचकला. फाशाला आवाज असतो हे तो विसरून गेला होता. तीही आता समोर बघून, थांबून थांबून बोलायची. पाळी कुणाची, अंतर किती, चहा ठेवू का. दोघांचा खेळ पूर्वीपेक्षा चांगला व्हायचा. तिने त्याच्याकडून खाचरांच्या कडेने दबा धरायला शिकून घेतलं. पण बँक, भुसावळ, घरमालक, यातलं काही ती आता बोलत नसे. खिडकीपाशी तर जातच नसे.

एका रविवारी सहादूने धीर केला. "ताई, आता मशीन आहे," तो कानाला हात लावून म्हणाला. "तुम्हाला कधी सांगावंसं वाटलं, तर मला ऐकू येईल."

हर्षालीने त्याच्या कानाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचे ओठ हललेसुद्धा. सहादू पुढे झुकला.

"तुमची पाळी, काका," ती म्हणाली.

त्याने कोयतेवाल्याला बांधावर चढवलं. त्यानंतर त्याने ते पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात तिची चंद्रपूरला बदली झाली. सामान बांधायला सहादू आणि लंका दोघंही गेले. लंकाने भांडी कागदात गुंडाळली, सहादूने माणसं एकेक करून कापसात ठेवली. ट्रक निघायच्या आधी हर्षालीने प्लायवूडचा तुकडा त्याच्या काखेत दिला. "मी तिकडे दुसरा करून घेईन. सारखाच मांडू. चाल मेसेजने कळवायची. फासा ज्याने त्याने टाकायचा आणि पडेल तो आकडा खरा सांगायचा."

"खराच सांगू," सहादू म्हणाला.

आता सातपूरच्या घरात बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात तो पट मांडलेला असतो. सुरुवातीला चाली भराभर आल्या. 'धनुर्धारी, भिंतीमागून कुंपणापर्यंत, चार इंच. बाण इरलंवाल्यावर. तीन पडले, हुकला.' सहादू तिचा धनुर्धारी म्हणून ठेवलेलं बाटलीचं बूच चार इंच सरकवायचा आणि आपली चाल पाठवायचा. मग तिकडे बँकेत काम वाढलं. चाल आठवड्याने यायला लागली. त्यापेक्षाही उशिरा.

घरात थोडा फरक पडला. काही बोलायचं असलं की लंका आधी त्याच्या दंडाला हात लावते. पिंकीशी तो फोनवर व्हिडिओ लावून, समोरासमोर बघून बोलतो. ती हळू बोलते, त्याला निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्याला तो आता "काय?" म्हणतो. दोनदा, तीनदा म्हणतो. कधी पिंकी कंटाळते आणि "जाऊ द्या बाबा, काही नाही," म्हणून फोन आईकडे देते.

परवा लंकाने झाडता झाडता त्याच्या दंडाला हात लावला. "हे आवरून ठिवू का? पाहुणे यायचेत."

"राहू दे. तिची पाळी हाय."

"कधीपासनं?"

"झाले बरेच दिवस."

लंकाने पटाकडे पाहिलं. पटाच्या चारी बाजूंनी झाडून घेतलं आणि ती आत गेली. सहादूने रंगाचा कोरडा ब्रश घेतला. बांधावर उभ्या असलेल्या कोयतेवाल्याच्या खांद्यांवर धूळ साचली होती. त्याला उचलून त्याने ती झटकली, फुंकर मारली आणि वॉशरचा डाग पुठ्ठ्यावर जिथे उमटला होता तिथेच त्याला परत ठेवला. मग इरलंवाल्याला उचललं.